फोन आणि संगणकाचं सिंक: कॅलेंडर, कॉन्टॅक्ट, नोट्स आणि कामांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंकबद्दलचे प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात. कुणाचे कॉन्टॅक्ट दोनदा दिसतात, कुणाची मीटिंग एक तास सरकते, कुणाच्या नोट्स संगणकावर येतच नाहीत. खोलात गेलं की बहुतेक वेळा कारण एकच निघतं: कोणती माहिती कोणत्या खात्यात राहणार हे कधी ठरवलेलंच नसतं. फोनने पहिल्यांदा चालू होताना जे विचारलं, त्याला ‘हो’ म्हटलं आणि पुढे सगळं तसंच साठत गेलं. खालची उत्तरं वाचताना हे डोक्यात असू द्या.

सिंक होतं म्हणजे नेमकं काय होतं?

फोन आणि संगणक एकमेकांशी बोलत नाहीत. दोघंही एका सर्व्हरशी बोलतात. मूळ प्रत तिथे असते आणि प्रत्येक यंत्र आपली प्रत तिच्याशी ताडून बघतं. पूर्वी असं नव्हतं. १९९६ साली आलेला पाम पायलट (हातात मावणारी डिजिटल डायरी) संगणकाला जोडलेल्या स्टँडमध्ये ठेवून हॉटसिंकचं बटण दाबलं की दोन यंत्रांची थेट देवाणघेवाण व्हायची. आज मधला सर्व्हर दिसत नाही, त्यामुळे तो आहे हेच विसरायला होतं.

याचा उपयोग बिघाड शोधताना होतो. फोनवर टाकलेली नोंद संगणकावर दिसत नसेल, तर आधी ब्राउझरमध्ये खातं उघडून तिथे बघा. तिथे ती दिसली तर फोनने आपलं काम केलं आहे आणि गडबड संगणकाकडे आहे. तिथेही नसेल तर संगणकाच्या सेटिंगमध्ये तासभर घालवण्यात अर्थ नाही, फोन हातात घ्या. एवढी एक तपासणी केली तरी निम्मा वैताग वाचतो.

मग सिंक म्हणजेच बॅकअप झाला ना?

नाही. तुम्ही फोनवर एखादं नाव पुसलं की सिंक ते इमानेइतबारे सगळीकडून पुसतं. तेच त्याचं काम आहे. बॅकअप म्हणजे बाजूला काढून ठेवलेली, आपोआप न बदलणारी प्रत. कॉन्टॅक्टची व्हीसीएफ फाइल आणि कॅलेंडरची आयसीएस फाइल अधूनमधून उतरवून संगणकावर ठेवली की झालं. दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली असतात आणि जवळपास कुठलाही प्रोग्रॅम त्या वाचतो.

माझे कॉन्टॅक्ट नेमके कुठे आहेत हे कसं कळेल?

हा या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, पण फारसं कुणी तो विचारत नाही. फोनवरची कॉन्टॅक्टची यादी एकसंध दिसते, पण ती अनेक ठिकाणांहून गोळा केलेली असते: गूगल खातं, ॲपलचं आयक्लाउड, फोन बनवणाऱ्या कंपनीचं खातं, ऑफिसचं खातं, सिम कार्ड आणि नुसता फोन. शेवटच्या दोन ठिकाणी ठेवलेली नावं कुठेही सिंक होत नाहीत. फोन हरवला की फोनमधली गेली.

अँड्रॉइडवर कॉन्टॅक्टचं ॲप उघडून एखादं नाव बदलायला घ्या; ते कुठल्या खात्यात आहे हे तिथे दिसतं. यादीही खात्यानुसार गाळून बघता येते. ‘डिव्हाइस’ किंवा ‘फोन’ या नावाखाली नावं सापडली तर ती गूगल खात्यात हलवा. मग त्याच ॲपच्या सेटिंगमध्ये नवीन कॉन्टॅक्टसाठी डीफॉल्ट खातं निवडा, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आयफोनवर हे डीफॉल्ट खातं सेटिंग्जमधल्या कॉन्टॅक्ट विभागात मिळतं. कॅलेंडरचंही वेगळं डीफॉल्ट असतं, तेही त्याच वेळी बघून घ्या.

सिमवर नावं ठेवण्याचं आज काहीच कारण उरलेलं नाही. तिथे नाव आणि नंबर यापलीकडे फारसं मावत नाही, आणि देवनागरीत लिहिलं तर नावाची लांबीही साधारण निम्म्यावर येते, कारण प्रत्येक अक्षरचिन्हाला दोन बाइट लागतात.

गूगल, ॲपल की मायक्रोसॉफ्ट? एकच खातं निवडायचं तर कोणतं?

तुमची सगळी यंत्रं ॲपलची असतील आणि पुढेही तशीच राहणार असतील तर आयक्लाउड. बाकी कुठलीही सरमिसळ असेल, म्हणजे आयफोन आणि विंडोज, अँड्रॉइड आणि मॅक, किंवा घरातल्या एकाकडे हे आणि दुसऱ्याकडे ते, तर कॅलेंडर आणि कॉन्टॅक्टसाठी गूगल खातं सर्वांत कमी त्रास देतं. दिवसभर आउटलुक उघडा असेल आणि कामही त्यातच चालत असेल तर मायक्रोसॉफ्टचं खातं सोयीचं.

हे माझं मत झालं. यातलं कुठलंही निवडा, पण एकच निवडा. तीच माहिती दोन खात्यांत ठेवून त्यांना आपसांत जुळवत बसण्याचा उद्योग सहसा दुहेरी नोंदींनीच संपतो.

आयफोन आहे आणि संगणक विंडोजचा. जुळवायचं कसं?

दोन रस्ते आहेत. पहिला: आयफोनच्या सेटिंगमध्ये गूगल खातं जोडा आणि त्यात मेलबरोबर कॅलेंडर आणि कॉन्टॅक्टचे खटकेही चालू करा. बरेच लोक फक्त मेल चालू करून थांबतात. मग डीफॉल्ट खातं गूगल करा आणि संगणकावर ब्राउझरमध्ये सगळं बघा. कुणी शेअर केलेलं गूगल कॅलेंडर आयफोनच्या कॅलेंडर ॲपमध्ये दिसत नसेल तर गूगलचं एक खास ‘सिंक सिलेक्ट’ पान आहे. तिथे त्या कॅलेंडरसमोर खूण केली की ते येतं.

दुसरा: सगळं आयक्लाउडमध्येच ठेवा आणि विंडोजवर ॲपलचा ‘आयक्लाउड फॉर विंडोज’ प्रोग्रॅम घाला. तो जुन्या पद्धतीच्या आउटलुकला कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट पुरवतो. आउटलुक वापरत नसाल तर ब्राउझरमधून आयक्लाउडची साइट पुरेशी आहे.

आणि उलट असेल तर? अँड्रॉइड फोन, मॅक संगणक?

सोपं आहे. मॅकच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये इंटरनेट अकाउंट्स उघडा, गूगल जोडा, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्टवर खूण करा. अवघड भाग तेव्हा येतो जेव्हा माहिती आयक्लाउडमध्ये आहे आणि ती अँड्रॉइडवर हवी आहे, कारण अँड्रॉइडसाठी आयक्लाउडचं ॲप नाही. त्यासाठी डॅव्हएक्स५ हे ॲप लागतं आणि ॲपलच्या खात्यातून एक वेगळा ‘ॲप-स्पेसिफिक पासवर्ड’ काढावा लागतो. तुमचा नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही, आणि तो चुकीचा आहे असंच फोन सांगत राहतो. पासवर्ड विसरलो असं समजून तो बदलत बसू नका.

कॅलडॅव्ह, कार्डडॅव्ह ही काय भानगड आहे?

कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट सर्व्हरवर ठेवण्या-आणण्याचे हे खुले नियम. कॅलडॅव्ह २००७ साली प्रमाणित झाला, कार्डडॅव्ह २०११ साली. त्याआधी २००० साली सिंकएमएल नावाचा प्रयत्न झाला होता, तो जुन्या फोनांबरोबर मागे पडला. आयफोन, मॅक, थंडरबर्ड हा मोफत मेल प्रोग्रॅम आणि लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम या दोन्ही भाषा थेट बोलतात. अँड्रॉइड स्वतःहून बोलत नाही, म्हणून वरचं डॅव्हएक्स५. जुना आउटलुकही बोलत नाही. त्याच्यासाठी ‘आउटलुक कॅलडॅव्ह सिंक्रोनायझर’ हे मोफत, खुल्या स्रोताचं प्लगइन आहे.

नवीन सेवा निवडताना ती या दोन नियमांनी चालते का, एवढं बघा. चालत असेल तर उद्या ती सोडणं सोपं जातं.

आउटलुकमध्ये जीमेल जोडलं, मेल आले, पण कॅलेंडर आलंच नाही. का?

जुना आउटलुक जीमेलला फक्त आयमॅप (सर्व्हरवरचे मेल वाचण्याचा नियम) मेलबॉक्स म्हणून ओळखतो, आणि आयमॅपमध्ये कॅलेंडर नसतं. लिंक देऊन गूगल कॅलेंडर दाखवता येतं, पण ते फक्त बघण्यापुरतं. विंडोजवरच्या नव्या आउटलुकमध्ये गूगलचं कॅलेंडर आणि कॉन्टॅक्टही येतात; मात्र ते मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून फिरून येतात. ते मान्य नसेल तर वरचं प्लगइन किंवा थंडरबर्ड वापरा. थंडरबर्डमध्ये कॅलेंडर आता अंगभूत असतं.

लिंक देऊन जोडलेल्या कॅलेंडरमध्ये नवे बदल दिसत नाहीत.

तो सिंक नाही, सबस्क्रिप्शन आहे. तुमचं कॅलेंडर ती फाइल ठरावीक वेळाने पुन्हा वाचून जातं, आणि गूगल कॅलेंडरच्या बाबतीत हा वेळ काही तासांचा असतो. घाई करण्याचं बटण तिथे नाही. सुट्ट्यांच्या यादीसाठी हे ठीक, आज दुपारच्या बदललेल्या मीटिंगसाठी नाही.

प्रत्येक नाव दोनदा, तीनदा दिसतंय. काय करू?

पुसायला लागू नका. आधी कारण बघा, कारण दुहेरीपणा दोन प्रकारचा असतो.

पहिल्या प्रकारात तेच नाव दोन खात्यांत आहे आणि फोन दोन्ही दाखवतो. इथे एका खात्याचा कॉन्टॅक्टचा खटका बंद केला की यादी एकेरी होते, काही पुसावं लागत नाही. आयक्लाउडचा खटका बंद करताना आयफोन विचारतो की नावं फोनवर ठेवायची की काढायची. ‘ठेवा’ म्हटलं तर ती स्थानिक प्रती बनून राहतात आणि दुहेरी यादी तशीच उरते. ‘काढा’ म्हटलं तरी आयक्लाउडमधली प्रत सुरक्षित असते. तो फक्त फोनवरून काढतो.

दुसऱ्या प्रकारात एकाच खात्यात दोन प्रती आहेत. हे बहुधा फाइल पुन्हापुन्हा आयात केल्याने होतं. प्रत्येक नोंदीला आत एक ओळखक्रमांक असतो. तो तोच असेल तर चांगला प्रोग्रॅम जुनी नोंद अद्ययावत करतो, वेगळा असेल तर ती नवी समजून भर घालतो. एका सेवेतून दुसरीत गेलेल्या फाइलींचे ओळखक्रमांक बऱ्याचदा बदललेले असतात. यावर गूगल कॉन्टॅक्टमधली ‘मर्ज अँड फिक्स’ची सोय चांगली आहे, पण सूचना एकेक वाचून मान्य करा. एकाच आडनावाची माणसं एक होऊन बसली की सोडवणं जिकिरीचं जातं.

वाढदिवस एक दिवस आधी का दिसतो? मीटिंगची वेळ का सरकली?

कॅलेंडरमधली नोंद तीन तऱ्हांनी लिहिलेली असू शकते: नुसती तारीख, टाइम झोनसह वेळ, किंवा टाइम झोनशिवाय वेळ. वाढदिवस नुसत्या तारखेच्या रूपात हवा. काही प्रोग्रॅम मात्र तो ‘मध्यरात्री १२ ते मध्यरात्री १२’ असा वेळ म्हणून लिहितात. तुम्ही पश्चिमेकडच्या टाइम झोनमध्ये गेलात की ती मध्यरात्र आदल्या संध्याकाळी पडते आणि दिवसभराची नोंद दोन दिवसांवर पसरते. इलाज: ती नोंद उघडून ‘ऑल डे’ बंद करून पुन्हा चालू करा, किंवा ती नव्याने तयार करा.

मीटिंग सरकली असेल तर फोन, संगणक आणि ऑनलाइन कॅलेंडर या तिन्हींचा टाइम झोन तपासा. हे तीन वेगळे सेटिंग आहेत. ऑनलाइन कॅलेंडरचं सेटिंग खातं उघडलं तेव्हाचं असतं आणि नंतर ते कुणी बघत नाही. उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणाऱ्या देशातल्या कुणी दर आठवड्याची मीटिंग ठेवली असेल तर वर्षातून दोनदा ती तुमच्याकडे सरकणारच. तो बिघाड नव्हे.

देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा अगम्य अक्षरं आली.

माहिती बहुधा शाबूत असते, वाचणारा चुकतो. व्हीकार्डची (म्हणजे व्हीसीएफ फाइलीच्या साच्याची) १९९६ सालची २.१ ही आवृत्ती अजून काही फोन बाहेर काढतात. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मोडून, ‘=’ या चिन्हांसह नऊ खुणांत लिहिलेलं असतं, आणि लांब नावं ओळीत तुटतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला हे उमगलं नाही की खिचडी. शक्य असेल तर निर्यात करताना ३.० आवृत्ती निवडा, किंवा फाइल आधी गूगल कॉन्टॅक्टमध्ये आयात करून तिथून पुन्हा बाहेर काढा.

सीएसव्ही फाइलीचं (स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीचं) दुखणं वेगळं आहे. ती एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की देवनागरी बिघडू शकते, नंबरांमधलं अधिकचं चिन्ह आणि सुरुवातीचं शून्य उडतं आणि लांब नंबर घातांकात दिसायला लागतात. वर ती तशीच सेव्ह केली तर नुकसान कायमचं. एक्सेलमध्ये डेटा टॅबमधून आयात करा, यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत पद्धत निवडा आणि नंबरचा स्तंभ ‘टेक्स्ट’ ठेवा. नाहीतर एक्सेलला हात न लावलेलाच बरा.

कॅलेंडर जुळतं, कॉन्टॅक्ट जुळतात, मग नोट्स का नाही?

कारण नोट्ससाठी सर्वमान्य नियमच नाही. प्रत्येक कंपनीची नोट तिच्या तिच्या साच्यात असते. ॲपल नोट्स अँड्रॉइडवर ब्राउझरमधूनच दिसते. आयफोनवर जीमेल खात्यातल्या ‘नोट्स’चा खटका चालू करता येतो, पण तिथे लिहिलेलं मेलच्या फोल्डरमध्ये साधा मजकूर म्हणून जातं, चित्रं नाहीत, याद्या नाहीत आणि जीमेलमध्ये बसून ते बदलताही येत नाही.

म्हणून इथे ‘जोडायचं कसं’ हा प्रश्न सोडून सगळ्या यंत्रांवर चालणारं एकच ॲप घ्यावं. छोट्या टिपणांना गूगल कीप, लांबलचक वह्यांना वननोट. आपल्या फाइली आपल्या ताब्यात हव्या असतील तर जॉप्लिन; ते मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच खुणा करून मांडणी दाखवण्याच्या पद्धतीत) लिहितं आणि ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा स्वतःच्या सर्व्हरवरून सिंक होतं.

घेण्याआधी बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवा. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये मोफत खात्याला ५० नोट्स आणि एक नोटबुक अशी मर्यादा घातली, तेव्हा कित्येकांना निर्यातीचं बटण पहिल्यांदा शोधावं लागलं.

कामांच्या यादीचं काय?

नोट्सपेक्षा थोडं बरं, कॅलेंडरपेक्षा वाईट. कॅलडॅव्हच्या नियमांत कामांना जागा आहे, पण मोठ्या कंपन्या ती वापरत नाहीत. गूगल टास्क्समधली कामं गूगल कॅलेंडरमध्ये दिसतात, मात्र तेच कॅलेंडर ॲपलच्या किंवा थंडरबर्डच्या ॲपमध्ये जोडलं तर ती येत नाहीत. मधली जोडणी करणारी ॲप ती आणतात, पण गूगल त्यांना फक्त तारीख देतं, वेळ देत नाही. म्हणून ‘सायंकाळी ५ वाजता’ लावलेलं काम तिकडे नुसतं त्या दिवसाचं होऊन येतं.

ॲपलचे रिमाइंडर २०१९ मध्ये आयओएस १३ बरोबर नव्या साच्यात गेले आणि आयक्लाउडच्या याद्या कॅलडॅव्हमधून दिसेनाशा झाल्या. मायक्रोसॉफ्ट टू डू आउटलुकच्या कामांशी नीट जुळतं आणि फोन कुठलाही असो, चालतं. खुल्या नियमांचीच हौस असेल तर नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं क्लाउड), डॅव्हएक्स५ आणि अँड्रॉइडवर टास्क्स डॉट ऑर्ग हे त्रिकूट चांगलं काम करतं.

एकच नोंद फोनवर आणि संगणकावर, दोन्हीकडे बदलली तर?

सेवा कोणती यावर ठरतं. काही ठिकाणी शेवटी पोहोचलेला बदल जिंकतो. शेवटी केलेला नव्हे, शेवटी पोहोचलेला: सकाळी ऑफलाइन फोनवर केलेला बदल रात्री नेट आल्यावर पोहोचला तर तो दुपारचा बदल झाकू शकतो. जॉप्लिनसारखी ॲप हरलेली प्रत वेगळी काढून ठेवतात, ती तपासून घ्या.

ऑफिसचं खातं खासगी फोनवर जोडावं का?

जोडण्याआधी फोन काय परवानगी मागतोय ते वाचा. एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसांसाठीच्या मेल सेवेच्या काही जोडण्यांमध्ये कंपनीला दुरून अख्खा फोन पुसण्याचा अधिकार मिळतो. तुमचं डीफॉल्ट खातं ऑफिसचं झालं असेल तर दुसरा धोका: मित्रांचे नंबर तिकडे साठत जातात, आणि नोकरी सोडल्यावर खातं काढलं की तेही जातात. ऑफिसचं कॅलेंडर जोडा, कॉन्टॅक्टचा खटका बंद ठेवा.

एकाच मीटिंगचा इशारा दोनदा वाजतो.

दोन ॲप एकच कॅलेंडर दाखवताहेत. एकाच्या सूचना बंद करा.

सिंक चालू आहे, तरी फोन तासन्‌तास मागे राहतो.

अँड्रॉइडवर बहुधा बॅटरी वाचवण्याचं सेटिंग त्या ॲपला झोपवतं. त्या ॲपपुरतं ते काढा. आयफोनवर ‘फेच’ची वेळ (नवी माहिती किती वेळाने आणायची ते) बघा. कुठल्याही फोनवर खात्याचा पासवर्ड हल्ली बदलला असेल तर पुन्हा लॉगिन करा. काही ॲप अशा वेळी गुपचूप थांबतात.

क्लाउडवर काहीच ठेवायचं नाही. केबलने होतं का?

होतं. विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मायफोनएक्सप्लोरर केबलवरून किंवा घरच्या वायफायवरून आउटलुकशी जुळवतं. आयफोनसाठी विंडोजवर आयट्यून्स आणि नव्या मॅकवर फाइंडर. पण आयफोनवर आयक्लाउडचे तेच खटके चालू असतील तर केबलचा पर्याय बाजूला पडतो. स्वतःचा छोटा सर्व्हर चालवायची तयारी असेल तर रॅडिकाले किंवा बायकाल हलके आहेत.

एन्क्रिप्शनची काळजी असेल तर हेही लक्षात घ्या: ॲपलचं ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ चालू केलं तरी आयक्लाउडचे कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर पूर्ण एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनमध्ये (कंपनीलाही वाचता येणार नाही अशा कुलूपबंद रूपात) येत नाहीत, कारण ते खुल्या नियमांनी इतर ॲपशी बोलत राहावे लागतात. नोट्स आणि रिमाइंडर येतात.

सगळे कॉन्टॅक्ट पुसले गेले. परत मिळतील?

लगेच फोनचं नेट बंद करा, म्हणजे पुढची पुसापुशी तरी थांबेल. मग संगणकावर ब्राउझरमध्ये गूगल कॉन्टॅक्ट उघडा. सेटिंगमध्ये ‘अनडू चेंजेस’ आहे. मागच्या ३० दिवसांतल्या कुठल्याही क्षणाची यादी परत आणता येते. पण त्या क्षणानंतर भरलेली नावं त्यात नसतील, ती आधी निर्यात करून ठेवा. आयक्लाउडच्या साइटवर ‘डेटा रिकव्हरी’ आहे. तिथून कॅलेंडर परत आणलं तर शेअरिंगची माहिती पुसली जाते आणि ते पुन्हा लावावं लागतं.

जुना फोन विकायचाय. आधी काय बघू?

फोनवर एक खोटं नाव भरा आणि ते ब्राउझरमधल्या खात्यात येतं का पाहा. मग ‘डिव्हाइस’ आणि सिमखालची यादी रिकामी आहे का, नोट्सच्या ॲपमध्ये ‘ऑन माय आयफोन’सारखा स्थानिक कप्पा उरलाय का, हे बघा. त्यानंतर व्हीसीएफ आणि आयसीएस उतरवा, खाती काढा आणि मगच फोन फॅक्टरी रीसेट करा. खातं न काढता रीसेट केलेला फोन नव्या मालकाला तुमचाच पासवर्ड मागत बसू शकतो.